शेवटच्या रिळाआधीचा चहा

जुलै लागला की आमच्या टॉकीजला ओल्या लोकरीचा वास येतो. यंदाही आला. गेल्या बुधवारी सकाळी साडेदहाला मी दार उघडलं. बाहेर पाऊस तिरपा, वारा दक्षिण ध्रुवावरून नेमका आमच्याच पत्त्यावर पाठवल्यासारखा, आणि आत पाऊल टाकणाऱ्या पहिल्या तीन आज्यांच्या कोटांतून तो वास उठला. ओली लोकर, पेपरमिंटच्या गोळ्या आणि गॅसच्या हीटरवर तापलेली धूळ. कुणाला असल्या वासाने शिंका येतील. मला हसू येतं. कारण तो नाकात शिरला, की पाच वर्षांपूर्वीचा एक अख्खा हिवाळा माझ्या मागे येऊन उभा राहतो. माकडटोपी घालून.

टॉकीज हा शब्द आईचा. इथले लोक सिनेमा म्हणतात, माझी बायको मेधा ‘तुझं ते खूळ’ म्हणते. ऑकलंडमधल्या न्यू लिनपासून गाडीने दहा मिनिटांवर, एका डेअरीच्या (म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या) आणि एका बंद पडलेल्या चप्पल-बुटांच्या दुकानाच्या मधे, एकच पडदा असलेली ही इमारत उभी आहे. लाल खुर्च्या, त्यातल्या काहींच्या स्प्रिंगा स्वतंत्र विचारांच्या. दर्शनी पाटीवर सिनेमाचं नाव सुट्या अक्षरांनी लावायचं, आणि अक्षरं कायम कमी. मी मूळचा संगणकवाला. पुण्याहून इथे आलो तो नोकरीसाठी, आणि सात वर्षं इमानेइतबारे पडद्याकडे बघत बसलो. मग लक्षात आलं, की पडद्याकडेच बघायचं तर मोठ्या पडद्याकडे का बघू नये?

टॉकीज विकत घेतल्याची बातमी मी मिरजेला आई-बाबांना फोन करून दिली. मग बाबा म्हणाले, “म्हणजे तू तिथे डोअरकीपर आहेस?”

“नाही हो बाबा. मालक आहे.”

“मग डोअरकीपर कोण आहे?”

“तोही मीच.”

“तेच म्हटलं मी,” असं म्हणून त्यांनी फोन आईकडे दिला.

इमारतीबरोबर मला रॉस मिळाला. जुन्या घराबरोबर छताचा पंखा मिळावा तसा. सत्तरीचा, उंच, पायांत भर हिवाळ्यात अर्धी विजार, आणि सिनेमाच्या बाबतीत सोवळ्यातल्या भटजीसारखा कडक. वरच्या खोलीत त्याची दोन यंत्रं. एकावरचं वीस मिनिटांचं रीळ संपत आलं की दुसरं सुरू करायचं, असं सिनेमाभर चालतं, आणि खाली बसलेल्याला सांधा कळत नाही. खोलीच्या भिंतीवर पितळेचं एक चाक आहे. ते फिरवलं की प्रेक्षागृहातले दिवे हळूहळू उजळतात. सिनेमा संपला, पडद्यावरची नावं वर जाऊन संपली, की रॉस त्या चाकाला हात घालतो आणि पुरी चार मिनिटं घेतो. सुरुवातीला मला वाटलं, चाकाला गंज लागलाय. म्हटलं, एक साधं बटण बसवून घेऊ. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी पडद्यावर धुणं वाळत घालायला निघालो होतो.

“माणसं आत्ताच कुठून तरी परत आलेली असतात, मेट,” तो म्हणाला. “त्यांना आपापला चेहरा शोधायला वेळ द्यावा लागतो.”

बटण राहूनच गेलं.

पाच वर्षांपूर्वी मे महिन्यात आई-बाबा आले, ते गणपतीच्या आत परत जायच्या बोलीवर. गणपती मिरजेतच बसणार, यावर बाबांनी निघायच्या आधीच आमच्याकडून होकार घेऊन ठेवला होता. आणि इथला हिवाळा म्हणजे काय चीज आहे हे त्यांना ऑकलंडच्या घरात पाऊल टाकल्यावर कळलं. बाहेर जितका गारवा तितकाच आत. फक्त आत पाऊस पडत नाही, एवढाच फरक. बाबा स्वेटरवर स्वेटर चढवून, मोज्यांवर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला घालून, हीटरसमोर पंचाग्निसाधन करत बसत. आमची आठ वर्षांची ईशा त्यांच्याभोवती फिरून म्हणे, “आजोबा, यू लुक लाइक अ पार्सल.” तिला मराठी सगळं कळतं. उत्तर मात्र इंग्रजीतून, टपालखात्यासारखं परस्पर दुसऱ्याच रस्त्याने येतं.

मेधाच म्हणाली, “अरे, तुझी टॉकीज गरम असते ना? मग यांना इथे काकडत कशाला ठेवतोस?”

बुधवारी सकाळी अकराचा खेळ आमच्याकडे म्हाताऱ्या मंडळींसाठी. तिकीट घेतलं की सोबत गरम पाण्याची रबरी पिशवी मिळते, लोकरीच्या विणलेल्या गवसणीत घातलेली. ती मांडीवर घ्यायची आणि सिनेमा बघायचा. जून नावाच्या एका ऐंशीच्या बाईंनी ही पद्धत पाडली, आणि त्यांची विणकामाची टोळी अंधारातसुद्धा सुया चालवत गवसण्या पुरवते. आईने पहिल्याच दिवशी एक गवसणी उलटीसुलटी करून पाहिली, “टाका सैल आहे,” एवढंच म्हणाली, आणि पुढच्या बुधवारी स्वतः विणलेल्या तीन घेऊन हजर झाली. जून आणि आई एकमेकींशी दोन भाषांत तासन्‌तास बोलत. काय बोलत कोण जाणे. भांडण मात्र एकदाही झालं नाही.

बाबा दारातच प्रत्येकाला हात जोडून “किआ ओरा!” असा इथला माओरी नमस्कार ठणकावून घालत. लोकांना वाटे, हेच मालक.

आणि मग पहिल्या बुधवारी ते घडलं. सिनेमा रंगात आला होता. संगीत जरा वर चढलं. तिसऱ्या रांगेतली एक माकडटोपी उभी राहिली.

“चला,” बाबा म्हणाले, “गर्दी व्हायच्या आत.”

प्रेक्षागृहात एकोणीस माणसं होती. त्यांतली निम्मी काठी टेकत चालणारी. तरी आईने पिशवी उचलली, पदर सावरला आणि निघाली त्यांच्यामागे. पाठीमागून, शाळेला सुट्टी म्हणून आलेल्या ईशाचा आवाज आला, “आजोबा, इट्स नॉट ओव्हर!” बाबा थांबले नाहीत. दोघं बाहेर जाऊन पोर्चमध्ये उभी राहिली. वाऱ्यात, पावसात, गाडीची वाट बघत. गाडी चालवणारा मी. आणि मी खेळ संपल्याशिवाय हलू शकत नव्हतो. म्हणजे गर्दी टाळून त्यांनी मिळवलं काय, तर पंधरा मिनिटांचं कुडकुडणं!

मी वरच्या खोलीच्या झरोक्यातून हे सगळं पाहिलं आणि एका क्षणात मिरजेत पोचलो.

मिरजेत आम्ही तीनचा खेळ बघत असू. वर्षातून चार-पाच वेळा, परीक्षा संपली की, दिवाळीत, कुणी पाहुणे आले की. बाबा पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क. धरणाचे दरवाजे कधी उघडायचे हे त्यांच्या कागदांवरून ठरे, त्यामुळे गर्दी आणि लोंढा यांबद्दल त्यांची काही ठाम मतं होती. शेवटची दहा-बारा मिनिटं उरली की ते उठत. “चला, गर्दी व्हायच्या आत.” मी, ताई आणि आई अंधारात लोकांचे पाय तुडवत त्यांच्यामागे. बाहेर डोळ्यांवर येणारं पावणेसहाचं ऊन. रिकामी सिटीबस, हव्या त्या जागा, आणि मागे टॉकीजमध्ये राहिलेला शेवट.

तो शेवट आई सांगायची. बसमध्ये, मी खिडकीशी, ताई तिच्या मांडीवर रेललेली. “मग काय झालं, तो गेला धावत स्टेशनावर...” आणि आई बघता बघता सगळं मार्गी लावायची. तिच्या शेवटात कुणी मरत नसे. खलनायकाला पश्चात्ताप होई आणि शिवाय काहीतरी कामधंदाही लागे, कारण नुसत्या पश्चात्तापाने पोट भरत नाही. दुरावलेले भाऊ भेटत. आणि एकदा का सगळे भेटले की सगळे जेवायला बसत. काय जेवत, तेही ती सांगे. सोमवारी शाळेत पोरं नायकाच्या मरणावर गळे काढत असताना मी छातीठोकपणे सांगितलं होतं, की तो मेलेला नाही, त्याने खलनायकाबरोबर पिठाची गिरणी काढली आहे. त्या दिवशी मी मार खाल्ला. पण शेवट बदलला नाही.

पुढे कॉलेजात गेल्यावर मी सिनेमे पुरते बघायला लागलो आणि माझी घोर निराशा झाली. पडद्यावरचे शेवट आईच्या मानाने फारच कच्चे होते.

जुलैच्या मध्यावर, एका सकाळी, आई ओट्याशी भाकरी थापत होती. पीठ अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारानंतर कुठल्याशा इंडियन दुकानातून शोधून आणलेलं, तिच्या मते ‘ज्वारीच्या चुलतभावाचं’. थापता थापता, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “मला एक सिनेमा पुरता बघायचाय.”

“मग बघ की. कुणी अडवलंय?”

“इथून जायच्या आत. तुझ्या टॉकीजमध्ये.”

“आई, बाबा उठले की तू बसून राहा ना. काय होईल?”

तिने भाकरी तव्यावर टाकली. “चाळीस वर्षं बरोबर उठले. आता एकटीने बसून शेवट बघू? चोरून खाल्ल्यासारखं वाटेल रे. मला यांच्याबरोबर बघायचाय.”

आईने आजवर माझ्याकडे काही मागितलं असेल, तर ते एवढंच. परतीच्या विमानाला सहा बुधवार उरले होते. मुलाची स्वतःची टॉकीज, आणि आईला सिनेमाचा शेवट दाखवता येऊ नये? मी हट्टाला पेटलो.

त्या सहांतल्या पहिल्या बुधवारी मी बाबांना सिनेमाची लांबी खोटी सांगितली. वीस मिनिटं वाढवून. काही उपयोग झाला नाही. ते घड्याळ बघतच नव्हते. “संगीतावरून कळतं,” ते म्हणाले. “धरणाचं पाणी वाढायला लागलं की आवाज बदलतो, तसं.”

दुसऱ्या बुधवारी त्यांना रांगेच्या मधोमध बसवलं, दोन्ही बाजूंना जूनची टोळी, लोकरीची गाठोडी, काठ्या, छत्र्या. चक्रव्यूहच म्हणा ना. संगीत चढलं. “सॉरी मॅडम, एक्सक्यूज मी मॅडम, सॉरी,” करत बाबा बाहेर. मागोमाग आई. तिच्या पायात लोकरीचा धागा अडकला आणि जूनचा निम्मा मोजा उसवत पोर्चपर्यंत गेला.

तिसऱ्या बुधवारी मी दाराशीच आडवा उभा राहिलो. बाबांनी शांतपणे विचारलं, “डोअरकीपर ना तू? मग दार उघड.” उघडलं. काय करणार!

आणि मग मला ती कल्पना सुचली. भाजी चिरताना सुचली, आणि इतकी आवडली की मी एकटाच टाळ्या वाजवल्या. इंटर्व्हल!

बुधवारच्या खेळाला इंटर्व्हल नसतो. सलग पावणेदोन-दोन तास. पण बाबांच्या हाडात बसलेला सिनेमा तीन तासांचा. दीड तास झाला की इंटर्व्हल, इंटर्व्हल झाला की अजून दीड तास. उन्हाळ्यानंतर पावसाळा यावा इतकं ते ठरलेलं. मग शेवटच्या रिळाच्या आधी, दीड तासावर, दिवे लावून चहा दिला तर?

मी रॉसला सांगितलं. तो आधी पांढरा पडला, मग लाल.

“शेवटच्या रिळाआधी? अरे, पूर्वी आमच्याकडेही मधे आइस्क्रीम विकायचे, पण ते मधे! अठरा मिनिटं उरलेली असताना कुणी चहा पितं का? मी नाही करणार. हे पाप आहे.”

“रॉस, माझ्या आईने चाळीस वर्षांत एकाही सिनेमाचा शेवट पाहिलेला नाही.”

हातातलं रीळ त्याने जपून खाली ठेवलं, जणू ती बातमी रिळाला ऐकू जाऊ नये.

“एकही नाही?”

“एकही नाही.”

“राइट,” तो म्हणाला. “चहा कोण करणार?”

चहा मेधाने केला. रजा काढून, आलं किसून, दोन मोठी पातेली. शिवाय बटाटेवडे. ऑगस्टचा दुसरा बुधवार. सिनेमा एका म्हाताऱ्या पियानो दुरुस्त करणाऱ्याचा. त्याची मुलगी भांडून घर सोडून गेलेली, आणि तो गावभर लोकांचे पियानो सुरात लावत फिरतो. घरातला मात्र तिच्यामागे कुणी उघडलेला नाही. दीड तास झाला, म्हातारा आपल्या बंद पियानोसमोर येऊन उभा राहिला, आणि रॉसने डोळे मिटून यंत्र थांबवलं. त्याच्या चेहऱ्यावरच्या वेदना मी आजही विसरलेलो नाही.

दिवे उजळले. बाबांची कळी खुलली. “हां! इंटर्व्हल! आता कसं माणसांच्या सिनेमासारखं झालं.” त्यांनी दोन वडे खाल्ले, जूनला एक खायला लावला, आणि आईला म्हणाले, “आरामात बस. अजून बराच आहे. मुलगी आता दुसऱ्या भागात दिसेल.” पाय लांब केले. गरम पाण्याची पिशवी नीट पोटाशी घेतली. माकडटोपीसुद्धा काढली.

अंधार झाला. शेवटचं रीळ सुरू झालं.

मी झरोक्याला नाक लावून उभा. संगीत चढायला लागलं. बाबांची मान किंचित वर झाली. पण ते उठले नाहीत. नुकताच तर इंटर्व्हल झाला होता! मुलगी परत आली. दार लोटून सरळ पियानोशी गेली, झाकण उघडलं, आणि तिने फक्त एक सूर वाजवला. तोच एक, बिघडलेला, जो लहानपणी ती मुद्दाम बिघडवून ठेवायची आणि बाप रोज लावायचा. म्हातारा दुसऱ्या खोलीत होता. तो थांबला. पडद्यावर नुसता त्याचा कान दिसला.

आणि तिसऱ्या रांगेत बाबांचे खांदे हलायला लागले.

मला आधी वाटलं, खोकला. मग कळलं. पाटबंधारे खात्याचे निवृत्त हेडक्लार्क, ज्यांना मी आजीच्या तेराव्यालासुद्धा कोरड्या डोळ्यांनी पंगत वाढताना पाहिलं होतं, ते हमसून हमसून रडत होते. कसलीही पूर्वतयारी नसताना, मधोमध पकडले गेलेले. मुलगी आल्याच्या आनंदाने रडत होते. आणि माझ्या डोक्यात चाळीस वर्षांचे तीनचे खेळ भराभर उलटे फिरले. संगीत चढलं की उठायचं. दिवे लागायच्या आत. गर्दी व्हायच्या आत. गर्दीला घाबरत नव्हते हो ते! मिरजेला ‘समाप्त’ची पाटी दिसायच्या आतच दारं धाडकन उघडत, दिवे भस्सकन लागत, आणि अख्खं गाव एकमेकांची तोंडं बघे.

नावं वर सरकायला लागली. एवढा वेळ मी कट रचून खूश होतो, पण त्या क्षणी मला स्वतःचे कान उपटावेसे वाटले. “रॉस,” मी म्हणालो, “दिवे नको. प्लीज. इतक्यात नको.”

तो चाकाशी उभा होता. झरोक्यातून त्यानेही पाहिलं होतं. “मी कधी घाई केलीय, मेट?”

नावं संपली. पडदा मिटला. अंधार तसाच. एक मिनिट, दोन मिनिटं. खाली कुणी हललं नाही, फक्त विणकामाच्या सुयांचा आवाज. त्या दिवशी रॉसने सात मिनिटं घेतली. चाक तो असं फिरवत होता, जणू झोपलेल्या मुलाच्या अंगाखालून हात काढतोय. आणि त्या हळूहळू फिकट होणाऱ्या काळोखात मला दिसलं: आई सरळ पुढे, मिटलेल्या पडद्याकडे बघत होती. एकदाही तिने मान वळवली नाही. फक्त आपल्या मांडीवरच्या पिशवीची गवसणी काढून तिने बाजूला सरकवली. बाबांनी ती घेतली, तोंड पुसलं, नाक शिंकरलं, आणि घडी करून खिशात घातली. दिवे पूर्ण लागले तेव्हा तिसऱ्या रांगेत एक सभ्य गृहस्थ माकडटोपी घालून बसले होते.

गाडीत नुसते पावसाचे वायपर आणि हीटरची घरघर. बाबा म्हणाले, “इंटर्व्हल चुकीच्या ठिकाणी होता.”

“हो बाबा.”

“त्या माणसाला सांग. अनुभव कमी दिसतो.”

मग आई म्हणाली, “शेवट काही खास नव्हता.”

“का गं?”

“आली, वाजवलं, संपलं. एवढ्या लांबून मुलगी आली, कुणी तिला चहासुद्धा विचारला नाही.”

“मग तू कसा केला असतास?” हे मी विचारलेलं नाही. हे बाबांनी विचारलं, मागच्या सीटवरून, खिडकीबाहेर बघत. आई सांगायला लागली. म्हाताऱ्याने आधी तिला पाय पुसायला टॉवेल दिला, मग पिठलं टाकलं... आणि बाबा म्हणाले, “पिठलं त्या गिरणीच्या सिनेमात झालंय. दुसरं काहीतरी कर.” बसमध्ये ते आमच्या पुढच्या सीटवर बसायचे, पाठ करून. मला वाटायचं, ते ऐकत नाहीत.

घरी आल्यावर मी आईला ओट्याशी गाठलं. “तुला माहीत होतं?”

“काय?”

“आई.”

“लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात,” ती म्हणाली. “टॉकीजात आमच्या दोघांच्या मधे खांब होता. यांना वाटलं, रडलेलं मला दिसत नाही.” आणि तिने मला कोथिंबीर निवडायला बसवलं.

उरलेल्या दोन बुधवारी इंटर्व्हल झाला नाही, आणि गरजही पडली नाही. इथे दिवे कसे लागतात हे बाबांनी एकदा बघून घेतलं होतं. संगीत चढलं की ते रुमाल काढून गुडघ्यावर पसरून ठेवत, पंगतीत पानाभोवती पाणी फिरवावं तसं. नावं संपेपर्यंत बसत. “एवढी माणसं राबली आहेत,” ते म्हणत, “नावं तरी वाचायला नकोत?”

शेवटच्या बुधवारी, सिनेमा संपायला पाच मिनिटं असताना, जिन्यावर जँडल्सचा आवाज आला. बाबा वर आले होते, एकटेच, डोळे आधीच लाल. टोपी काढून ते रॉससमोर उभे राहिले आणि कचेरीतल्या इंग्रजीत म्हणाले, “मिस्टर रॉस, काइंडली परमिट मी.” हात चाकाकडे.

रॉसने माझ्याकडे पाहिलं नाही. मालकाला विचारण्याची त्याची पद्धतच नव्हती. “स्वीट अ‍ॅज,” म्हणजे खुशाल, असं म्हणाला आणि बाजूला झाला.

नावं संपली, पडदा मिटला. बाबांनी दोन्ही हातांनी चाक धरलं. केसभर फिरवलं, थांबले, झरोक्यातून खाली वाकून पाहिलं, पुन्हा केसभर. चार मिनिटं झाली. सात झाली. रॉसने घड्याळाकडे पाहिलं आणि दहा झाली. प्रेक्षागृह अजून काळोखात होतं. मी म्हटलं, “बाबा, लोक बसलेत.”

“बसू दे,” ते म्हणाले. “घाई काय आहे?”

तेवढ्यात खालच्या अंधारातून, तिसऱ्या रांगेतून, आईचा आवाज आला.

“अहो, लावा आता दिवे! सगळ्यांना जेवायला जायचंय.”